तुम्हीच म्हणालात, फादर

बसा. कॉफीच्या बिया घ्या चघळायला. पाहुण्याच्या हातावर बिया ठेवल्याशिवाय आम्हा हाया जमातीच्या लोकांना बोलायला सुचत नाही. आणि हे सगळं मी सिस्टर ॲडव्हेंटिनाच्या परवानगीनं सांगतोय, नाहीतर माझ्या तोंडून अक्षर निघालं नसतं.

बुकोबा शहराच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, सरोवराकडे तोंड करून असलेल्या या आमच्या साधनागृहात तेव्हा काही सिस्टर मौनाला आल्या होत्या. अंतिम व्रतं घेण्याआधी असं मौन पाळतात. एकमेकींशी चकार शब्द बोलायचा नाही. रोज सकाळी एकेकीनं या खोलीत यायचं आणि मनातलं माझ्यापाशी मोकळं करायचं. माझं काम ऐकायचं. सल्ला देणारे पैशाला पासरी मिळतात. मी कुणाला 'हे कर, ते करू नको' असं सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा ताठाच होता.

एका सकाळी ॲडव्हेंटिना आली. तिची धाकटी बहीण होडी उलटून सरोवरात गेली होती. जायच्या आदल्या दिवशी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि तेव्हापासून या पोरीची झोप उडाली होती.

"काल दुपारी तुम्ही बोललात, त्यानं जीव थोडा हलका झाला, फादर."

"काल दुपारी?"

"जेवणानंतर. तुम्हीच म्हणालात ना, बहिणीची माफी मागायची तर ती जिथे आहे तिथे जाऊन मागावी."

दुपारी मी झोपतो. पानात उकडलेल्या केळ्यांचा डोंगर संपवल्यावर कॅथेड्रलची घंटासुद्धा मला उठवू शकत नाही. तिला तसं सांगायला हवं होतं. पण ऐकणाऱ्यानं मध्ये तोंड घालू नये, ही आमची शिकवण. दुःखात माणसाला काहीबाही ऐकू येतं, असं म्हणून मी गप्प बसलो.

स्वयंपाकघरात आमचा स्वयंपाकी ब्याबाटो केळी सोलत होता. मौनाच्या दिवसांत माझ्याशी बोलणारा तो एकटाच.

"दुपारची झोप सोडलीत वाटतं?" तो म्हणाला. "काल केवढं बोलत होतात त्या सिस्टरशी! इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून एवढे शब्द मी ऐकले नव्हते. आणि पाय पुसून आत जात जा की. खुर्चीखालचं पाणी मलाच पुसावं लागतं."

बाहेर ऊन रणरणत होतं. कित्येक दिवसांत पावसाचा थेंब नव्हता.

त्या दुपारी मी आडवा झालो नाही. या खोलीत येऊन याच खुर्चीत बसलो. खुर्ची अडवली की माझ्या रूपात जे कोण येतं ते बसणार कुठे, असा माझा भाबडा हिशेब. सगळीकडे सामसूम. छपराचा पत्रा उन्हानं मधूनच तडतडायचा. मग हळूहळू वास यायला लागला. गाळाचा, शेवाळाचा, खूप दिवस पाण्यात राहिलेल्या कापडाचा...

दार वाजलं. ॲडव्हेंटिना आत आली आणि समोर बसली. पण तिची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्याच्या जरा वर, मागे कुणी उभं असावं तशी ती बघत होती.

"हो, फादर," ती म्हणाली.

मी ओठही हलवले नव्हते.

"आजच?... बरं. व्रतांच्या आधीच."

माझ्या मानेवर पाण्याचा एक गार थेंब पडला. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. ती उठून दाराकडे निघाली, आणि मग माझी सगळी शिकवण गेली चुलीत. मी धावून तिचा हात घट्ट धरला.

"जायचं नाही. ऐकलंस? मी सांगतोय, पाण्याकडे जायचं नाही."

ती दचकून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग ओक्साबोक्शी रडायला लागली. "मग तिची माफी कशी मागू?"

"इथे बसून माग. मी ऐकतो."

दिवेलागणीपर्यंत ती बोलत राहिली. वाचली पोर. आता करागवेच्या शाळेत शिकवते, सरोवरापासून लांब.

ऐकणाऱ्यालाही ऐकणारा लागतो. माझं मन मी मोकळं करतो ते म्हाताऱ्या फादर मुटालेम्वांपाशी. मौन संपताच टेकडी उतरून थेट त्यांच्याकडे गेलो. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

"सगळं पुन्हा कशाला, क्लेमेंट? कालच दुपारी तर सांगितलंस."

"काल मी टेकडीवर होतो, फादर. दिवसभर."

म्हातारा माझ्याकडे निरखून बघत राहिला. डोळे त्यांचे अजून तल्लख आहेत.

"तूच होतास," ते हळूच म्हणाले. "जाताना म्हणालास, 'ती नाही तर दुसरं कुणीतरी यायलाच हवं.' मी तुला विचारलं नाही रे. आपण मध्ये बोलत नाही ना..."

त्यांच्या पाहुण्यांच्या खुर्चीखालची फरशी अजून ओली होती.

तेव्हापासून मी दुपारी झोपत नाही. या खुर्चीतून हलत नाही. आता तुम्हाला एक विचारायचंय. अशा भर दुपारी तुम्ही आलात, आणि दाराशी मला म्हणालात, "तुम्ही सांगितल्याप्रमाणे आलो, फादर."

मी तुम्हाला आज पहिल्यांदाच बघतोय. आठवून सांगा... आणखी काय काय सांगितलं मी तुम्हाला?