ऱ्हस्व लिव्ह, दीर्घ लीव्ह

एकोणीसशे एकतीस सालचा वैशाख. वडिलांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर, मी आंब्याच्या पेट्या मुंबईला पाठवायला बंदरावर गेले होते. अण्णा पेट्या बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढवून घेत होते आणि मी बोटीच्या कचेरीच्या सावलीत उभी. खिडकीत बसलेले एक तरुण कारकून एकच कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यांनी वर पाहिलं, थोडे घुटमळले...

"आपण मॅट्रिक झालात, असं ऐकलंय. एवढं सांगाल? साहेबांनी मला पंधरा दिवसांची रजा दिलीय. मी मागितलीच नव्हती."

"मग काय मागितलं होतं?"

"माझी मुंबईला बदली झालीय. आई इथं एकटी. म्हणून लिहिलं, मला इथंच राहायचंय."

त्यांनी अर्जाची नक्कल पुढे सरकवली. 'आय वॉन्ट लीव्ह हिअर ओन्ली.' मी पदर तोंडाला लावला, तरी हसू लपलं नाही.

"राहणं म्हणजे लिव्ह — ऱ्हस्व. तुम्ही दीर्घ लिहिलंत. लीव्ह म्हणजे सोडून जाणं. आणि रजासुद्धा."

"म्हणजे बदली कायम?"

"हो... वर रजा."

ते हसले नाहीत. मला फार वाईट वाटलं. घरी येताना मीच अण्णांना म्हटलं, त्यांना थोडं इंग्रजी शिकवू का?

दत्तात्रेय त्यांचं नाव. रजेत रोज संध्याकाळी ते आमच्या ओटीवर येऊ लागले. अण्णा झोपाळ्यावर सुपारी कातरत बसायचे. परसातून पिकल्या फणसाचा वास यायचा, लांबून समुद्राची गाज. मी शब्द सांगायची, ते म्हणायचे. आठवड्यात सगळं जमलं. एकच शब्द अडला.

"म्हणा, लिव्ह."

"लिव्ह."

"आता दुसरा."

"तो नको."

"का? येतो की तुम्हांला."

"येतो... म्हणवत नाही."

मी वहीत पाहत राहिले. त्या संध्याकाळी पुढे काय शिकवलं, ते आजही आठवत नाही.

चौदाव्या दिवशी ते उशिरा आले.

"उद्याची बोट. मग पावसाळाभर बोटी बंद." त्यांनी पेन्सिल हातात घेतली. "अर्ज केला तेव्हा आईसाठी राहायचं होतं. आता कारणं दोन झालीत."

माझे कान तापले. तरी मी बोलले, "आईंना मुंबईला नेता येईल की. घरात... त्यांच्या सोबतीला कोणी असलं तर."

अडकित्त्याचा आवाज थांबला. अण्णांनी मान वर केली नाही.

"दत्तोपंत, उद्या बोटीवर जाण्याआधी आईंना इकडे घेऊन या. पत्रिकेसकट."

दत्तात्रेयांच्या हातातली पेन्सिल सुटली आणि ओटीवरून घरंगळत अंगणात गेली. ती उचलायला आम्ही दोघंही उठलो नाही.