निम्म्या वाट्याचं वायफाय

"व्हिडिओ कॉल लागणार नाही म्हणजे?"

माझा आवाज एवढा चढला की शेजारी सरबत पीत बसलेले एक गृहस्थ ग्लास घेऊन लांबच्या खुर्चीवर गेले.

डेकवरच्या काऊंटरवरची मुलगी मात्र हसतच होती. त्या बोटीवर सगळ्यांना हसायचाच पगार मिळत असावा. तिने पुन्हा समजावलं – पहिल्या प्लॅनमध्ये नुसते मेसेज जातील. दुसऱ्यात फोटो जातील, पण रखडत. बापाचं तोंड हलताना बघायचं असेल तर तिसरा घ्या, सगळ्यांत महाग. आणि तोही एका वेळी एकाच फोनवर!

आता संताप येईल नाही तर काय? औषधं-खतांच्या एका कंपनीने आम्हा दुकानदारांची सहल काढली, बोटीने लक्षद्वीपला, आणि काढली कधी? ऐन द्राक्षाच्या फुलोऱ्यात. ज्याने ही तारीख ठरवली त्याने द्राक्ष फक्त बशीत बघितलेलं असणार. तासगावचं आमचं दुकान आप्पांच्या नावावर, पण आप्पांना पाण्याची भीती. कृष्णेच्या पुलावरूनसुद्धा ते डोळे मिटून जातात. म्हणून मला पाठवलं.

मी नको नको म्हणत होते. यंदा पहिल्यांदाच आप्पांनी बागेचा कारभार माझ्या हातात दिला होता, तोही अट घालून. बाग साधली तर माझ्याकडेच राहील. नाही साधली तर ती खंडाने चुलत्यांकडे जाईल आणि मी लग्न होऊन पुण्यातल्या कुठल्यातरी फ्लॅटमध्ये. मुलगाही हेरून ठेवला होता. आणि बोट सुटायच्या आधीच तासगावकडे आभाळ भरून आलंय, असा निरोप होता.

"मॅडम... निम्म्या वाट्यानं घेऊया का?"

मी मागे वळले. उंच, सावळा, कंपनीने वाटलेली टोपी घातलेला. गळ्यात आमच्याच सहलीचं कार्ड – धैर्यशील, लोणंद.

"काय निम्म्या वाट्यानं?"

"हे वायफाय. एका टायमाला एकच फोन चालतोय म्हणत्यात न्हवं? मग सामाईक विहिरीवर बारी लावतो, तशी बारी लावू. सकाळचं पाणी तुमचं, दुपारचं माझं."

"आणि माझ्या बारीत तुमी मोटर चालू केली तर?"

"तर लोणंदला येऊन भांडा."

"लोणंदला काय हाय? कांदा! लोकांच्या डोळ्यांत पाणी आणायचा धंदा."

"तुमच्या डोळ्यांत तर अजून न्हाई आणलं..." तो हसला, आणि नेमकी वाऱ्याने त्याची टोपी उडवली. तो ती धरायला धावला. एवढं मोठं नाव, आणि साधी टोपी सांभाळता येईना! मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

पासवर्ड दोघांनी मिळून ठरवला आणि बारी सुरू झाली. सकाळी मी आप्पांशी बोलायचे, बागेत कॅमेरा फिरवायला लावायचे, घड मोजून घ्यायचे. दुपारी कठड्यापाशी जाऊन त्याला सांगायचे, "झालं माझं." तो चहाचे दोन कप घेऊन आधीच उभा असायचा. खारा वारा, ओठांवर मीठ, आणि चहा निवेपर्यंत चाललेलं आमचं भांडण – साताऱ्याकडची माणसं जास्त हट्टी की सांगलीकडची.

एक गोष्ट मात्र खटकत होती. त्याच्या बारीत तो फोन खिशातच ठेवायचा.

"कुणाला लावत न्हाई फोन?"

"लावायचाय की... लावतो." आणि समुद्राकडे बघत बसायचा. म्हणजे मला वाटायचं समुद्राकडे. एकदा मी चटकन मान वळवली, तर नजर समुद्रावर नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी सकाळीच आप्पांचा मेसेज आला. 'रातभर पाऊस. पानांवर डाग दिसत्यात. काय करू?' खाली पानाचा फोटो उमटायला लागला, अर्धा उमटला... आणि नेट गेलं. पुन्हा लावलं, पुन्हा गेलं. आप्पांचा कॉल आला, 'हॅलो'मधला 'हॅ' ऐकू आला आणि फोन मुका. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे डावणी. घडावर हा रोग चढला तर दोन दिवसांत बाग हातची जाते. आणि माझ्या बारीत हा लोणंदचा माणूस मोटर चालू करून बसला होता!

मी तरातरा नाश्त्याच्या हॉलमध्ये गेले. धैर्यशील उप्पीट खात होता. फोन टेबलावर, तोही बंद.

"मग माझं नेट कोण तोडतंय?"

उत्तर शेजारच्या टेबलावरून आलं. सांगलीचे भाऊसो, हळदपट्ट्यातले जुने दुकानदार, नातीला फोन उंच धरून दाखवत होते, "ह्यो बघ समुद्र! दिसला का? आरं, परत गेलं की..."

"भाऊसो, तुमी कुठला प्लॅन घेतला?"

"आमी कशाला घेतोय पोरी? ह्या धैर्यशीलनं दिला की पासवर्ड. मी ह्यांना दिला, ह्यांनी त्यांना..."

मी हॉलभर बघितलं. प्रत्येक टेबलावर कुणी ना कुणी फोन हलवत होतं. एकाचं लागलं की दुसऱ्याचं तुटत होतं. सगळी सहल आमच्या विहिरीवर येऊन पाणी उपसत होती.

"तुमी पासवर्ड वाटला?" मी धैर्यशीलकडे वळले.

"भाऊसो म्हणाले, नातीचा वाढदिवस हाय, एकदाच दे. आपलीच माणसं... न्हाई कसं म्हणायचं?"

"नाव धैर्यशील, आणि एक 'न्हाई' म्हणायचं धैर्य न्हाई! तिकडं माझी बाग जातीया. नुसती बाग न्हाई, माझं सगळंच जाणार हाय तिच्याबरोबर. ती अट तुमाला म्हाईत न्हाई. वर्षभर मी त्या वेलींमागं पळाले, आणि तुमच्या भिडेपायी..."

माझे डोळे भरून आले. लोणंदच्या माणसाने शेवटी पाणी आणलंच.

तो उठला, फळांची मोठी परडी टेबलावर रिकामी केली आणि ती घेऊन पहिल्या टेबलापाशी गेला. हात जोडले. "काका, थोडा वेळ फोन द्या. एका बागेचा प्रश्न हाय." मग दुसऱ्या टेबलापाशी. मग तिसऱ्या. एकजण कुरकुरला, तर हा त्याच्यापुढे वाकून उभाच राहिला. शेवटी परडी भरली. सगळ्यांत वर भाऊसोंचा फोन, त्यांनी स्वतः आणून ठेवलेला.

"लावा आता," धैर्यशील म्हणाला.

कॉल लागला. आप्पा डोक्यावर पोतं घेऊन बागेत उभे. मी म्हणाले, "आप्पा, पान उलटं करा. आता घड दावा. त्याच्या खालचा..." घड स्वच्छ होते! डाग फक्त खालच्या पानांवर. मागून अख्खा हॉल माझ्या खांद्यावर वाकला आणि सल्ले सुरू झाले. हे फवारा, ते फवारा, दोन्ही मिसळा. प्रत्येकाच्या तोंडी त्याच्या त्याच्या दुकानातला माल.

"जरा गप बसा!" मी ओरडले. "आप्पा, डागाची पानं काढून बांधाबाहेर टाका. चिखलात ट्रॅक्टर घालू नका. पाऊस उघडायची वाट बघू नका. आत्ताच्या आत्ता पावडरची धुरळणी करा. गोदामात पोती ठेवल्यात मी."

आप्पा "करतो," म्हणाले. मग स्क्रीनमध्ये डोळे बारीक करून विचारलं, "तुझ्या मागं परडी घेऊन उभा हाय, त्यो कोण गं?"

अख्खा हॉल खो-खो हसला. मी फोनच बंद केला.

संध्याकाळी कठड्यापाशी तो आला, चहा न घेता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आणि आणखी एक सांगायचंय... मला नेट लागतच न्हवतं. घरी आई म्हणाली होती, चार दिवस फोन करू नको, समुद्र बघ."

"मग निम्मा वाटा कशाला घेतला?"

"तुमी काऊंटरवर भांडत होता ना... तवा वाटलं, हिच्याशी रोज थोडं भांडायला मिळावं. दुसरं काही कारण सुचंना."

मला पुन्हा राग आला. एवढं छान बोलायचं होतं, तर पहिल्याच दिवशी बोलायला काय झालं होतं? पण मी कठड्यावरचा हात काढला नाही, आणि त्याने त्याचा हात अगदी बोटाला बोट लागेल एवढ्यावर आणून ठेवला.

"मी बाग सोडून कुठं येणार न्हाई," मी बजावलं. "छाटणीपासून बेदाणा होईपर्यंत तासगाव."

"मग कांदा मी फोनवरनं विकीन," तो म्हणाला. "नेट निम्म्या वाट्यानं देणार असाल तर."

बाग साधली. चैत्रात धैर्यशील आईला घेऊन आमच्या घरी आला, मध्यस्थ अर्थातच भाऊसो. मी पोह्यांबरोबर माझ्या बागेतल्या बेदाण्याची वाटी ठेवली. त्याच्या आईने दोन दाणे तोंडात टाकले आणि वाटी स्वतःकडे ओढून घेतली. आप्पा म्हणाले, "आधीच सांगतो, बाग हिच्याकडंच ऱ्हाणार."

"म्हणून तर आलोय," धैर्यशील म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता लाल झाला.

सगळे आता माझ्या तोंडाकडे बघत होते. मी अजून काहीच बोलले नव्हते. माणूस गोड आहे, कळत होतं. पण जो कुणालाच नाही म्हणत नाही, तो उद्या माझ्या बागेत पाहुणेरावळे घालणार नाही कशावरून? एवढी एकच गाठ सुटत नव्हती.

तेवढ्यात भाऊसोंनी खिशातून फोन काढला आणि त्याच्या कानाशी वाकले. "धैर्यशील, ह्यांच्या वायफायचा पासवर्ड असंल की तुझ्याकडं? दे की. नातीला फोटो धाडायचाय."

पासवर्ड त्याच्याकडे होता. मीच दिला होता, संक्रांतीला तो बाग बघायला आला तेव्हा. त्याने कपाळावरचा घाम पुसला. एकदा भाऊसोंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"न्हाई, भाऊसो," तो म्हणाला. "त्यो तिचा हाय. तिला इचारा."

"मला पसंत हाय," मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने म्हणाले की सगळे दचकले.

भाऊसोंना पासवर्ड मात्र मी अजून दिलेला नाही.