न शिवता

प्रेरणाच्या घरचा कूलर आडमुठा होता. त्याचा कंडेन्सर कधीचाच गेलेला. बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणायची, फिरायचं नाव नाही. मग जाळीतून लाकडी पट्टीने पात्याला धक्का द्यायचा, की निघाली स्वारी. धक्का द्याल त्या दिशेने. सुलटी म्हणा, उलटी म्हणा. भिलाईजवळच्या उतईला मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईच्या घरी असला कूलर, म्हणून सेक्टर 10 मधले शेजारी हसायचे.

पण तिचे बाबा, भय्याजी, कंडेन्सर बदलूच देत नसत. भिलाईच्या प्लांटमध्ये मोटर दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. लेकीला काम त्यांनीच शिकवलं. "मोटरच्या आत फिरते त्या रोटरले एकही वायर जोडत नाही, तरी त्याच्यात करंट येते," ते सांगत. "न शिवता! आपल्या आज्याले गावात लोक न शिवता वरून पाणी ओतत ना, तसं. पण पहिला धक्का माणसाच्या हाताचाच पायजे." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसत.

हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. उन्हाळा संपेपर्यंत हात हलला तर हलला, नंतर आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. प्रेरणा रोज त्या गार हाताला तेल चोळायची. मधेच तिला रडू यायचं, आणि मग ती आणखी जोरात चोळायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी लाइन गेली. प्रेरणा मागे कपडे वाळत घालत होती. लाइन आल्यावर ती आत गेली, तर कूलर चालू.

"आई, तू धक्का देला?"

"मी कावून देईन? मी तर भाकरी करून राहिली," भीमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

वाऱ्याने पातं हललं असेल, असं प्रेरणाने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिने खिडक्या लावल्या, पट्टी कपाटावर टाकली, बटण दाबलं आणि दूर उभी राहिली. मोटर गुणगुणली. मग फिरली. या वेळी उलटी. समोर खाटेवर पडलेल्या बाबांच्या चादरीची कड कूलरकडे ओढली जाऊ लागली.

बाबा टक लावून तिकडेच पाहत होते.

प्रेरणाने मोटर उघडली आणि स्टार्टिंगची वायर कापून टाकली. आता धक्का दिल्याशिवाय ती फिरणं शक्यच नव्हतं. तिने पुन्हा बटण दाबलं.

फिरली. उलटीच.

तिने प्लग ओढून काढला.

पाती मंदावली नाहीत.

मोटर बाहेरून फिरवली की तिचाच जनरेटर होतो, हे तिला पाठ होतं. पण फिरवणारं कोणी तरी लागतं. तिने टेस्ट लॅम्पच्या वायरी हातातल्या प्लगच्या पिनांना टेकवल्या. बल्ब लालसर पेटला.

"पोरी," भीमाबाई दारातून दबक्या आवाजात म्हणाल्या, "त्यायचा हात पाह्य."

उजवा अंगठा हलत होता.

प्रेरणा धावली. हात चालू मोटरच्या अंगासारखा गरम लागला. एकेक करून चारही बोटं तिच्या बोटांभोवती मिटली. तिला हुंदका फुटला. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

"बाबा! अजून! अजून दाबा!"

बाबा तिच्याकडे पाहत नव्हते. कूलरच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहत होते, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसे. त्यांचे वाकडे ओठ हलले.

"राहू द्या, आजा," ते जड जिभेने म्हणाले. "आता... मी करतो."

पाती एकदम थांबली, कोणी त्यांच्यावर तळहात ठेवावा तशी.