सहावा थर

"आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही," ती खुर्चीच्या कडेला टेकत म्हणाली, "आणि गेले तीन दिवस हे खोटं बोलतायत."

धाकटीने वही उघडली. ती खासगी तपास करायची. पन्नाशी उलटली तरी घरच्यांसाठी ती धाकटीच. शेजारी बसलेले भाऊजी तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहीण गेल्यापासून ते तिची गाडी चालवत आणि मधूनमधून आपलं मत देत. मत बहुतेक वेळा चुकायचं.

हकिगत साधी होती. नवरा-बायको चार महिन्यांपूर्वी या देशात आले. लहान मुलगी तिकडे आजीजवळ. नवरा तिकडे गवंडी होता. इथे गोदामात खोकी रचायचा. उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणत. सोमवारी दुपारी तीन वाजता रॅकच्या तिसऱ्या मजल्यावरून खोकी कोसळली आणि शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मावशींचा पाय चिरडला. ती थप्पी आपणच निष्काळजीपणे रचली, असं लंबूने कबूल केलं होतं. आज पाच वाजता कबुलीच्या कागदावर सही.

"सही झाली की काम जाणार. काम गेलं की राहण्याचा परवाना. मुलीला इकडे आणायचं तर राहिलंच."

"पण खोटं कशावरून?"

"थप्पी सव्वाबाराला रचली म्हणतात. सव्वाबाराला ह्यांनी सासूबाईंना फोन केला होता. मुलीला ताप होता. सासूबाईंनीच सांगितलं मला. ह्यांना विचारलं तर म्हणतात, आईचा वेळेचा घोळ झाला."

ती गेल्यावर भाऊजी म्हणाले, "माणूस स्वतः कबूल करतोय. हातच्या कंकणाला आरसा कशाला?"

"गाडी काढा, भाऊजी."

गोदामाचा मुकादम कागद घेऊनच बसला होता. "प्रत्येकाचा स्कॅनर त्याच्या नंबराने उघडतो. बारा दहा ते साडेबारा, चोवीस खोकी, लंबूचा नंबर. एरवी रोज मागे पडतो, सोमवारी मात्र आकडा पुरा. आणि ह्या मावशी बघा! नेमकी तीच वीस मिनिटं आकडा थांबलेला. वय झालं."

"जेवणाची सुट्टी?"

"एक वाजता."

"फोन जवळ ठेवता येतो?"

"छे! फोन बाहेर कपाटात. कपाटापर्यंत जाऊन यायचं म्हणजे पाच-सात मिनिटं."

"आणि थप्पी वर चढवण्याआधी तपासतं कोण?"

"मीच. खूण केलीय ना." मुकादमाने कागदाची घडी घातली. जरा घाईनेच.

फोर्कलिफ्टवाला बडबड्या होता. "वरचं खोकं सरकलं, प्लास्टिक सैल झालं आणि कोपऱ्यातली उभी रांगच्या रांग खाली! बाकीची खोकी जागच्या जागी, जावईबापूंसारखी. प्लास्टिक पाचच थर गुंडाळलेलं हो. सहावा थर उघडाच."

"तरी वर चढवलीत?"

"मुकादमाची खूण होती. मला काय!" मग तो मान खाजवत म्हणाला, "पण नवल वाटतं. लंबू मावशींच्या थप्पीचंसुद्धा वरचं प्लास्टिक स्वतः गुंडाळायचा. थांबा मावशी, मी करतो. आम्ही चिडवायचो, आईची वेणी घालतोस का रे म्हणून."

लंबूच्या टेबलामागे सोमवारच्या दोन थप्प्या अजून पडून होत्या. धाकटी त्यांच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. एकीत प्रत्येक खोकं खालच्या दोन खोक्यांच्या सांध्यावर बसवलेलं. दुसरीत खोक्यावर खोकं, सरळ उभं. दोन्हींना वरपर्यंत प्लास्टिक.

"ही लंबूची, ती मावशींची," फोर्कलिफ्टवाला म्हणाला.

भाऊजींना दोन्ही सारख्याच वाटल्या.

मुकादमाच्या खोलीत लंबू दारातून वाकून आत आला आणि वाकलेलाच राहिला.

"मीच केलं, ताई."

"खोकी कशी रचली होतीस?"

"सरळ. एकावर एक. घाईत होतो."

"आणि फोन?"

"कसला फोन?" त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

गाडीत भाऊजी म्हणाले, "तोंडावरच लिहिलंय, अपराधी आहे."

"अपराधी वाटतंय त्याला. ते मात्र खरं."

दवाखान्यात मावशी पाय टांगून पडल्या होत्या. पाण्याचा पेला उजव्या हाताशी होता, तो त्यांनी अंगावरून डावा हात नेऊन उचलला. केस मानेपर्यंत कापलेले.

"शोभतायत हो केस," धाकटी म्हणाली.

"बांधायचा कंटाळा, बाई."

"लंबूचा राग नाही येत?"

"राग कसला!" मावशींनी तोंड भिंतीकडे वळवलं. भाऊजींना वाटलं, पाय ठणकत असेल.

कागदावर साक्षीदार म्हणून मावशींचीही सही हवी होती, म्हणून पाच वाजता सगळे त्यांच्या खाटेभोवती जमले. मुकादमाने पेन लंबूच्या हातात दिलं.

"थांब," धाकटी म्हणाली. "ती थप्पी तू रचलीच नाहीस."

"रचली! मीच..."

"तू गवंडी आहेस. सांध्यावर सांधा आला तर तुझा हात आपोआप थांबतो. सोमवारची तुझी थप्पी भिंतीसारखी आहे. अशा थप्पीतून एक उभी रांग सुटूच शकत नाही. कोसळली ती सरळ रचलेली होती. शेजारच्या टेबलावर रचतात तशी."

मावशींचे डोळे मिटलेले होते.

"सव्वाबाराला तू आईशी फोनवर होतास. कपाटाकडे जाऊन, बोलून यायला वीस मिनिटं. तेवढी वीस मिनिटं तुझा स्कॅनर चालू होता आणि मावशींचा बंद. म्हणजे त्यांच्या हातात तुझा स्कॅनर होता. सहावा थर उघडा राहिला, कारण मावशींचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. रोज ते वरचं प्लास्टिक तू गुंडाळायचास. सोमवारी तेवढा वेळ तू नव्हतास."

"हाताचं तुला कसं कळलं?" भाऊजींनी विचारलं.

धाकटी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "शेवटच्या वर्षी ताईनेही केस कापले होते, भाऊजी. हात वर होत नव्हता तिचा."

भाऊजींनी तेव्हा हसून विचारलं होतं, ह्या वयात ही काय हौस? ती पण हसली होती. आता त्यांनी मावशींचा पेला उचलून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.

मावशी बोलल्या, तेव्हा आवाज अगदी कोरडा होता. "पोरीला ताप आहे म्हणाला. मीच म्हटलं, जा, बोलून ये, तुझा आकडा मी सांभाळते. आल्यावर सांगणार होते, वरचं तेवढं गुंडाळ म्हणून. तोवर मुकादमांनी खूण करून थप्पी नेलीसुद्धा."

"मावशी, गप्प बसा," लंबू म्हणाला. "स्वतःच्या चुकीने लागलं म्हणाल तर हे लोक उपचार थांबवतील. माझ्यासाठी गेलात तुम्ही त्या टेबलावर."

"गप्पच बसले होते रे! तीन दिवस! तू सही केली असतीस, मी साक्ष दिली असती आणि तुझी पोर तिकडेच राहिली असती. पायापेक्षा ते जास्त ठणकतंय."

फोर्कलिफ्टवाला दाराशी पुटपुटला, "उघडा थर मला दिसला होता."

"तुम्हालाही दिसला असेल," धाकटी मुकादमाला म्हणाली. "की न बघताच खूण केलीत?"

मुकादमाने कपाळावरचा घाम पुसला. "दिवसाला दीडशे थप्प्या तपासायच्या. बघायला वेळ कुणाला असतो?"

"एकट्या लंबूचं नाव लागलं तर त्याचा परवाना जातो. एकट्या मावशींचं लागलं तर उपचार जातात. तपासणाऱ्याचं नाव लागलं तर चूक कुणा एकाची राहत नाही. लंबूला फोनबद्दल ताकीद मिळेल, तेवढंच. पण ते नाव तुम्हीच लिहायला हवं."

मुकादमाने कागद स्वतःकडे ओढला. त्याच्याही घरी माणसं असतील, भाऊजींना वाटलं. बाहेर पाण्याच्या नळाशी लंबूची बायको उभी होती. काचेतून तिला फक्त माणसांच्या पाठी दिसत होत्या.

"इथे एकाच नावापुरती जागा आहे," शेवटी मुकादम म्हणाला.

"मग अक्षर बारीक काढा," मावशी म्हणाल्या.

त्याने लंबूच्या हातातून पेन काढून घेतलं, कागद मांडीवर धरला आणि रकान्याच्या अगदी डाव्या कडेपासून, बारीक अक्षरात, आधी स्वतःचं नाव लिहायला घेतलं.