खंडेनवमीला उतरवलेला कार्बोरेटर

ज्याला झोप आली असेल त्यानं आत्ताच उठून जावं. मधनंच कुणी उठलं तर मी पुढं सांगत नसतो. ही माझ्या मावसभावाची, आसारामची हकिकत. तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. तेवढं डोकंच नव्हतं बिचाऱ्याला.

बहात्तर साल, खंडेनवमीचा दिवस. दुष्काळ असा की प्रवरेच्या पात्रात नुसते धोंडे. सकाळी आसाराम कोल्हारला वॉशर आणायला गेला, तोही सायकलवर, कारण फटफटी गळत होती.

फटफटी म्हणजे लष्कराच्या लिलावातलं म्हातारं धूड. आधी ती नदीपलीकडच्या राधाकृष्णाची होती. दुष्काळाच्या तीन वर्षं आधी एका रात्री त्याच्या आईला दम लागला. तो डॉक्टर आणायला निघाला, तर नदीला पूर. गाडी काठाला लावून पाण्यात उतरला तो परत आलाच नाही. इकडं आईही गेली. पुढं भावानं गाडी विकली आणि आसारामनं घेतली, तीही आईपायीच. त्याची आई, म्हणजे माझी आक्कामावशी, तिला दम्याचा विकार. बैलगाडीतून दवाखान्यात नेताना बाप वाटेतच गेलेला आसारामनं पाहिला होता. आईचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण गाडीनं साथ द्यायला नको? रात्री टाकी भरून ठेवावी, तर सकाळी खाली पेट्रोलचं थारोळं. वॉशर बदलले, सुई बदलली, सांध्याला कपड्याचा साबण चोळून झाला. गळती आपली चालूच. त्या दुपारी वैतागून त्यानं इंजिनाला पेट्रोल पाजणारा अख्खा कार्बोरेटर उतरवला, सुटा केला आणि रॉकेलच्या परातीत टाकला. आतला पितळी फ्लोट कानाशी हलवला, तर खुळखुळ आवाज. भोक पडून पेट्रोल आत शिरलं होतं. असा जड झालेला फ्लोट तरंगणार कसा आणि वरची धार थांबणार कशी?

"सापडलास की लेका!" आसाराम म्हणाला आणि भोक बुजवायला डाख द्यायचं सामान मागून आणायला गेला. परत येऊन बघतो तर पान्हे, स्क्रूड्रायव्हर, पकड, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं. वर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं.

"आये, काय केलंस हे? माझं काम अर्ध्यावर हाय!"

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्या दसरा झाला की बस खुडबुडत."

"आन् रातच्याला तुला दम लागला तर?"

"न्हाई लागत. देवी हाय ना."

आसारामनं कपाळाला हात लावला. आक्कामावशीपुढं आसारामच्या बापाचं कधी चाललं नव्हतं, याचं काय चालणार!

मध्यरात्र उलटली आणि दम लागला.

श्वासाची शिट्टी वाजायला लागली. ओठ निळे पडले. आसारामनं पूजेतला स्क्रूड्रायव्हर उचलला, चूल पेटवली, कंदिलाशी बसला. डाख धरेना. फ्लोटमधला पेट्रोलचा थेंब भडकला, बोटं भाजली. एक स्क्रू परातीत सापडेना.

"घाव की मुडद्या, घाव!" तो रडत रडत स्क्रूला शिव्या देत होता. संताप अनावर झाला तशी त्यानं परात बाजूला ढकलली आणि शेजारच्या वस्तीवर काकासाहेबांकडं धाव घेतली.

"काका, गाडी जुपा! आईला दम लागलाय!"

"आरं, बैलं कुठली? गुरांच्या छावणीत न्हेऊन बांधलीत न्हवं का…"

आणि तेवढ्यात… फट्. फट्-फट्-फट्.

दोघांनी माना वळवल्या. आवाज आसारामच्या अंगणातून येत होता.

"तुझीच ना रं?"



आवाज वाढला. रस्त्याला लागला. कोल्हारच्या अंगाला गेला… लांब गेला… थांबला.

आसाराम पळत घरी आला. दार उघडं. बाज रिकामी. अंगणात गाडी नाही.

कंदिलापाशी परात.

परातीत कार्बोरेटर… तसाच. सुटा.

आसाराम कोल्हारपर्यंत अनवाणी पळाला. दवाखान्यात दिवा होता. आक्कामावशी बाकावर बसलेली. इंजेक्शन झालेलं, श्वास खाली बसलेला. जीव वाचला होता. डॉक्टर मात्र तापले होते.

"आईला पायरीवर सोडून कुठं गेला होतास? एवढ्या हाका मारल्या, वळून बघितलंसुद्धा नाहीस!"

पायरीशी फटफटी उभी होती. कार्बोरेटरच्या जागी नुसती पोकळी. त्यानं सायलेन्सरला बोट लावलं… चटका बसला.

"आये… तुला कुनी आनलं?"

"असं काय इचारतो? तूच की. वाटंनं एक सबूद बोलला न्हाईस. आन् किती गार पडलायस रं तू! तुझ्या पाठीला टेकून बसले, तर…"

ती पदर हातात घेऊन बघायला लागली. मग पिळला.

पाणी निघालं. गढूळ. पुराला असतं तसं.

फरशीवर त्याचं थारोळं झालं… आणि त्या साली नदीला थेंब नव्हता.