कोमट बोळा

दार लोटून घ्या रे, आणि तो मोबाईल खाली ठेव आधी. ही इकडची तिकडची गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलेली आहे. तो दवाखान्यात एमआरआयचं मशीन चालवतो.

गेल्या जानेवारीतली मंगळवारची रात्र, दहा वाजून गेलेले. दुकान बंद व्हायच्या आत त्याला घरी दूध न्यायचं होतं. शेवटची पेशंट एक शिवणकाम करणारी बाई. कडेवरचं पोर नवऱ्याकडे देऊन आत आली. लहानपणापासून तिचे कान फुटायचे. आत कातडी वाढायची आणि हाड खात जायची. उजवा कान पार गेलेला. डाव्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं, रोग परत आलाय का ते बघायचं होतं. फोटोत पांढरा ठिपका दिसला की कान पुन्हा उघडायचा, आणि या खेपेला ऐकू येणं वाचणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं.

"पोरगं परवाच 'आई' म्हणालं हो," ती म्हणाली. "अजून पोटभर ऐकलंसुद्धा नाही."

मशीन कान फुटेस्तोवर बडवतं, म्हणून दोन्ही कानांत पिवळी बुचं घालायची असतात. पण मेव्हणा पडला घाईत. बहिऱ्या कानाला बूच म्हणजे टकल्याला कंगवा! एकच घातलं, डाव्यात. काही लागलं तर दाबायचा घंटीचा रबरी फुगा तिच्या हातात दिला आणि काचेमागे जाऊन बसला.

थोड्या वेळानं घंटी वाजली. त्यानं तिला बाहेर ओढलं, बूच काढलं.

"उजव्या कानात कोणीतरी बोलतंय."

"ताई, तो कान तर..."

"माहीत आहे हो! पण माझ्या आईचा आवाज आहे."

आई जाऊन सहा वर्षं झालेली. लहानपणी ती हिला कोमट तेलाचे बोळे घालायची, आधी एका कानात, मग दुसऱ्यात.

"काय म्हणतेय?"

"हा झाला बाळा... आता दुसरा पुढे कर."

मेव्हण्याच्या अंगावर काटा आला. तरी हसला. मशीनची घरघर असेल, म्हणाला. बूच परत घातलं.

घंटी पुन्हा वाजली नाही. स्क्रीनवर फोटो उमटला. डावा कान. आणि त्यात...

पांढरा ठिपका.

त्यानं तिला बाहेर घेतलं. बूच काढलं. तिच्याकडे बघवेना.

"काय दिसलं?"

"डॉक्टर सांगतील."

तिला कळलं. बाहेर पोर हाका मारत होतं. तिनं डावा कान दाराकडे केला... आणि ऐकत राहिली.

तेव्हा उजवा कान त्याच्यासमोर आला. त्यात त्यानं काहीच घातलं नव्हतं.

कापसाचा बोळा होता.

त्यानं काढला. तेलानं चिंब... अजून कोमट.