काडीपैलवान

रविवारी दुपारी आमच्या थिएटरात जुने मूकपट लागतात. मी वर केबिनमध्ये मशीन चालवतो आणि बायको खाली पडद्याला लागून बसते, आवाज द्यायला. एक ड्रम, झांज, शिटी आणि पितळी घंटा, एवढाच तिचा पसारा. पडद्यावर कुणी आपटला की तिने ड्रम वाजवायचा. लग्नाआधीपासून ती हे करते आहे आणि तिचा ठोका चुकलेला मला आठवत नाही.

या महिन्यात बॉक्सिंगची एक विनोदी फिल्म आली, छोटीशीच, आमच्या आजोबांच्या काळातली. ढगळ चड्डीतला एक हडकुळा माणूस एका धटिंगणाशी लढतो, पंचाच्या मागे लपतो, दोरांत अडकतो आणि शेवटी आडवा होतो. बायकोने पहिल्याच खेळाला त्याचं नाव काडीपैलवान ठेवलं. मग घरी भाजी चिरताना "आमचा काडीपैलवान" म्हणून ती एकटीच हसायला लागली. माझ्या एकाही विनोदावर ती कधी तशी हसलेली नाही. मेलेल्या माणसाचा मत्सर करणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मला कळत होतं. तरी जळफळाट व्हायचा तो व्हायचाच.

दुसऱ्या रविवारी ऐन ठोशाच्या वेळी तिला शिंका आल्या. ड्रम वाजला नाही. धटिंगणाचा हात उगारलेला आणि काडीपैलवान गाल पुढे करून उभा. तिने नाक पुसलं, काठी शोधली, ड्रम वाजवला. मग ठोसा बसला.

मशीन एका लयीत चालू होतं, माझा हात त्यावरच होता. खेळ संपल्यावर मी तेवढी पट्टी उजेडात धरून पाहिली. चित्रं जिथल्या तिथे होती. धटिंगणाचा हात लगेच खाली येत होता.

"तो तुझ्यासाठी थांबला," मी घरी म्हणालो.

"थांबणारच," ती कणीक मळता मळता म्हणाली. "तुम्हालाच जेवायला पाच मिनिटं धीर निघत नाही."

हे मला फार झोंबलं. पुढच्या रविवारी मी मशीन थिएटरच्या मालकांच्या हवाली केलं आणि बायकोला म्हटलं, आज ड्रम मी वाजवणार, तू पहिल्या रांगेत बस. तिने वाद घातला नाही. काठ्या माझ्या हातात देऊन "सांभाळून हं," एवढंच म्हणाली.

पहिला ठोसा आला. मी बरोबर वेळेवर ड्रम वाजवला. काडीपैलवान पडला नाही. तो मान वळवून पहिल्या रांगेकडे बघत राहिला.

बायकोने खुर्चीच्या हातावर बोट टेकवलं. तो धाडकन कोसळला आणि लोक हसले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जीव खाऊन ड्रम बडवायला लागलो.

काडीपैलवान उठला. धटिंगण बाजूला सरकला. पंचानेही वाट दिली.

तो पडद्याच्या कडेपर्यंत, माझ्यापर्यंत, चालत आला. जवळून त्याचा चेहरा मुळीच विनोदी नव्हता.

बायकोने पुन्हा बोट टेकवलं.

मी ड्रमसकट मागे उलथलो. सगळं थिएटर पोट धरून हसत होतं. त्यात तिचं हसू मला ओळखू आलं. मला हवं होतं अगदी तसंच होतं ते.

दिवे लागल्यावर ती माझ्याजवळ खाली बसली. रुमाल ओला करून तिने माझा फुटलेला ओठ हळूहळू टिपला. इतक्या मायेने तिने मला कित्येक वर्षांत हात लावला नव्हता.

"वाकायला शिकाल हो," ती म्हणाली. "सुरुवातीला त्याला तरी कुठे जमत होतं?"